कारखान्यांतील दाबलेली हवा कोरडी कशी करावी?

कारखान्यांत शक्ति पोंचविण्याचीं मुख्य साधनें तीन-चारच आहेत. वीज, वाफ, तेलाचा दाब आणि दाबलेली हवा. यांपैकीं हवा ही सर्वांत गरीब दिसणारी. ती विकत आणावी लागत नाहीं, तिला कोठार लागत नाहीं, आणि काम करून झालें कीं ती पुन्हां वातावरणांत सोडून देतां येते. रस्त्याच्या कडेला चाकांत हवा भरणाऱ्या दुकानदारापासून भोंसरी-चाकणच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यांपर्यंत, इचलकरंजीच्या एअर-जेट मागांपासून तारापूरच्या औषधांच्या कारखान्यांपर्यंत सर्वत्र तिचाच उपयोग चालतो. परंतु हा पाहुणा एकटा येत नाहीं. आपल्याबरोबर तो पाणी घेऊन येतो. त्या पाण्याचा बंदोबस्त कसा करावा, आणि त्यासाठीं मिळणाऱ्या यंत्रांपैकीं कोणीं कोणतें निवडावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम हें पाणी येतें कोठून तें पाहूं. हवेंत पाण्याची वाफ असते हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. पावसाळ्यांत मिठाला पाणी सुटतें, पापड सादळतात, तीं या वाफेचींच कामें. पण हवा वाटेल तितकी वाफ धरूं शकत नाहीं. प्रत्येक उष्णतामानाला तिची एक मर्यादा ठरलेली आहे. एका घनमीटर जागेंत २० अंश सेल्सिअसला सुमारें १७ ग्रॅम, ३० अंशांला ३० ग्रॅम आणि ४० अंशांला ५१ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे दर दहा अंशांमागें मर्यादा पावणेदोनपटीच्या आसपास वाढत जाते. उलट, हवा थंड होत गेली तर एका विशिष्ट उष्णतामानाला ती भरून जाते, आणि त्याच्या खालीं उतरतांच अधिक झालेली वाफ पाण्याच्या रूपानें बाहेर पडूं लागते. त्या उष्णतामानाला दवबिंदु म्हणतात. आजच्या विषयाची सारी किल्ली या एका शब्दांत आहे.

आतां यांतील मर्म असें कीं, ही मर्यादा जागेवर अवलंबून असते, हवेच्या दाबावर जवळजवळ नाहींच. आठ घनमीटर हवा दाबून एका घनमीटरांत कोंबली, तरी त्या एका घनमीटरांत वाफ मावणार ती एकाच घनमीटरापुरती. उरलेल्या सात घनमीटरांतील वाफेनें जावें कोठें? कॉम्प्रेसरमध्यें हवा तापलेली असते तोंवर ती वाफ निमूटपणें राहते; हवा निवूं लागली कीं तिचें पाणी होतें.

प्रत्यक्ष आंकडे घेऊं. मुंबईचा जुलै महिना आहे. उष्णतामान ३० अंश, आर्द्रता ८० टक्के. मिनिटाला १० घनमीटर हवा ओढणारा एक मध्यम प्रतीचा कॉम्प्रेसर चालूं आहे, आणि तो हवा ७ बार दाबापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या दाबासह आठपट, दाबतो आहे. प्रत्येक घनमीटर हवेंत २४ ग्रॅम पाणी असल्यामुळें हा कॉम्प्रेसर तासाला सुमारें साडेचौदा लिटर पाणी आंत ओढतो. आठ तासांच्या पाळींत हें पाणी ११५ लिटरांवर जातें. डोळ्यांना न दिसतां एवढें पाणी कारखान्यांत शिरत असतें.

तें आंत राहिलें तर काय होतें, हें कारखानदारांस सांगावयास नको. लोखंडी नळ आंतून गंजतात, आणि त्या गंजाचे कण पुढें जाऊन झडपा अडवितात. हवेच्या सिलिंडरांतील वंगण धुवून निघतें. रंगकामांत एक थेंब पिचकारींतून उडाला कीं पत्र्यावर फोड येतो व सारा भाग पुन्हां घासावा लागतो. औषधाच्या भुकटीच्या गुठळ्या होतात. याहून गंभीर गोष्ट म्हणजे हवेच्या टाकीचा तळ. तेथें पाणी सांचून राहिलें तर पत्रा आंतून झिजत जातो. बाहेरून रंग तकतकीत असतो, आंतून जाडी निम्मी झालेली असते, आणि त्या टाकीशेजारी एखादा कामगार दिवसभर उभा असतो. म्हणून दाबलेल्या हवेंतील पाणी हा केवळ मालाच्या प्रतीचा प्रश्न नव्हे. तो माणसांच्या जिवाचाहि प्रश्न आहे.

हा अनुभव नवा नाहीं. आल्प्स पर्वताखालून फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा फ्रेज्युसचा बोगदा १८५७ सालीं सुरूं होऊन १८७१ सालीं खुला झाला. त्यांत खडक फोडण्यासाठीं दाबलेल्या हवेचीं यंत्रें चालविलीं होतीं, आणि त्यानंतर खाणींतून अशा यंत्रांचा मोठा प्रसार झाला. यंत्रांतून हवा एकदम फुगून बाहेर पडतांना अतिशय थंड होते. त्यामुळें तिच्यांतील पाण्याचें बर्फ होऊन यंत्राचीं तोंडें बंद पडत. रेल्वेच्या हवेच्या ब्रेकांनाहि ओल हा जुना शत्रु आहे. म्हणूनच आज आगगाडीच्या इंजिनावर हवा कोरडी करणारें यंत्र बसविलेलें असतें.

आतां उपायाकडे वळूं. ओलें धोतर वाळवावयाचें तर आपण काय करतों? आधीं तें घट्ट पिळतों आणि मग दोरीवर टाकतों. न पिळतां टाकलें तर दिवसभर वाळत नाहीं. नुसतें पिळून ठेवलें तर दमट राहतें. हवेचेंहि तसेंच आहे. पिळण्याचें काम आफ्टरकूलर करतो. तो तापलेली हवा थंड करतो, आणि त्याच्या पुढचा विभाजक खालीं पडलेलें पाणी वेगळें काढतो. मघांच्या उदाहरणांत हवा ४० अंशांपर्यंत निवविली, तर साडेचौदा लिटरांपैकीं सुमारें पावणेअकरा लिटर पाणी येथेंच निघून जातें. उरलेल्या पावणेचार लिटरांसाठींच खरा ड्रायर लागतो. म्हणून जो कारखानदार महागडा ड्रायर घेतो पण आफ्टरकूलरवरची धूळ साफ करीत नाहीं, तो धोतर न पिळतांच दोरीवर टाकीत असतो.

ड्रायरांचे मुख्य प्रकार दोन. पहिला, हवा थंड करून पाणी काढणारा. घरांतील शीतकपाटांत असते तसलीच यंत्ररचना येथें असते. हवा सुमारें ३ अंशांपर्यंत थंड करावयाची, पाणी गाळून टाकावयाचें, आणि बाहेर जाणाऱ्या थंड हवेनें आंत येणारी ऊन हवा आधींच थोडी निववून घ्यावयाची. या अदलाबदलीमुळें वीज वांचते, आणि बाहेर जाणारी हवा पुन्हां कोमट झाल्यामुळें नळांना बाहेरून घाम फुटत नाहीं. आपल्या उदाहरणांत या ड्रायरनंतर तासाला अर्ध्या लिटराहूनहि कमी वाफ हवेंत उरते. ३ अंशांच्या पुष्कळ खालीं मात्र याला जातां येत नाहीं. कारण शून्याखालीं पाणी आंतच गोठून वाट बंद होईल.

दुसरा प्रकार अधिशोषणाचा. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना, सिलिका जेल किंवा मॉलेक्युलर सीव्ह यांचे सच्छिद्र दाणे भरलेले दोन मनोरे शेजारी शेजारी उभे असतात. एकांतून हवा जाते व दाणे तिच्यांतील वाफ आपल्या अंगावर धरून ठेवतात; तोंवर दुसऱ्यांतील भिजलेले दाणे वाळविले जातात. ठराविक वेळानें दोघांच्या कामांची अदलाबदल होते. या रीतीनें उणे ४० अंश दवबिंदु सहज मिळतो. विशेष योजना केली तर उणे ७० देखील मिळतो. उणे ४० ला आपल्या उदाहरणांतील हवेंत तासाला जेमतेम दोन चहाचे चमचे पाणी उरेल.

खर्चाचा सारा भेद दाणे वाळविण्याच्या रीतींत आहे. चार्ल्स स्कारस्ट्रॉम या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६० सालीं ज्या रीतीचें पेटंट मिळालें तींत उष्णता मुळींच लागत नाहीं. कोरड्या झालेल्या हवेचा थोडा भाग बाजूला काढून तिचा दाब उतरवावयाचा. दाब उतरतांच ती आठपट फुगते. फुगली म्हणजे वाफ धरण्याची तिची शक्तिहि आठपट होते. म्हणून सिद्धांततः आठवा हिस्सा हवा पुरावी. व्यवहारांत साधारण १५ टक्के लागते. रचना साधी, बिघाड कमी, किंमतहि कमी. पण विकत घेतलेल्या शंभर घनमीटरांपैकीं पंधरा कायमचे हातचे जातात. दाब कमी असेल तर हा तोटा आणखी वाढतो. ४ बार निरपेक्ष दाबाला हवा चारच पट फुगते, तेव्हां चौथ्या हिश्श्याहून अधिक हवा सोडावी लागते.

दुसरी रीति अशी कीं, हीच हवा विजेच्या शेगडीवर तापवावयाची. मग साधारण ७ टक्के पुरते. तिसरींत वातावरणांतील हवाच पंख्यानें ओढून तापवितात, आणि दाबलेली हवा फार थोडी खर्ची पडते. चौथी रीति सर्वांत काटकसरीची. कॉम्प्रेसरमधून निघालेली हवा मुळांत तापलेलीच असते. तिच्याच उष्णतेनें दाणे वाळवावयाचे. परंतु यासाठीं कॉम्प्रेसर तेलविरहित असावा लागतो. नाहीं तर तापलेल्या हवेबरोबर तेल येऊन दाण्यांचा सत्यानाश होतो.

याखेरीज दोन लहान प्रकार आहेत. पोकळ तंतूंच्या पडद्यांतून वाफ बाहेर झिरपूं देणारा ड्रायर एखाद्या यंत्रापुरत्या थोड्या हवेला चांगला. त्याला वीज लागत नाहीं, पण हवेचा कांहीं भाग द्यावा लागतो. दुसऱ्यांत मिठासारख्या क्षारांचे गोळे वाफ शोषून स्वतःच विरघळतात. ते पुनःपुन्हां भरावे लागतात, आणि आंत येणाऱ्या हवेच्या मानानेंच ते कोरडेपणा देतात. जेथें वीज नाहीं अशा जागीं त्यांचा उपयोग होतो.

मग निवड कशी करावी? मी कारखानदारांस इतकेंच सुचवीन कीं, विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी कांहीं प्रश्न आपले आपणच विचारावे.

पहिला प्रश्न: मला हवा किती कोरडी पाहिजे? याचें उत्तर हौसेनें न देतां आपल्या नळाच्या सर्वांत थंड जागेकडे पाहून द्यावें. त्या जागेचें वर्षांतील किमान उष्णतामान दवबिंदूच्या वर राहिलें कीं नळांत पाणी पडणार नाहीं. यंत्रांचें नियंत्रण करणाऱ्या हवेविषयीं अमेरिकेंतील उपकरणशास्त्र-मंडळाचें १९९६ सालचें मानक सांगतें कीं, दवबिंदु हा त्या किमान उष्णतामानाच्या निदान १० अंश खालीं असावा. पुण्याला थंडींत पारा १० च्या खालीं उतरतो. तरीहि छपराखालच्या नळांना आणि साध्या हत्यारांना ३ अंशांचा दवबिंदु बहुधा पुरतो. लडाखमध्यें उघड्यावरून नळ न्यावयाचा असेल तर मात्र अधिशोषणावांचून गति नाहीं. ज्या भुकटीला ओलीचा वाससुद्धां खपत नाहीं तिचीहि तीच गोष्ट. आंतरराष्ट्रीय मानक ८५७३ च्या पहिल्या भागाच्या २०१० सालच्या आवृत्तींत ओलीचे वर्ग ठरविलेले आहेत: पहिला उणे ७०, दुसरा उणे ४०, तिसरा उणे २०, चौथा अधिक ३ अंश. मागणीपत्रांत ‘कोरडी हवा’ एवढेंच न लिहितां हा वर्ग लिहावा. आणि रस्ता फोडणाऱ्या किंवा दगडाच्या खाणींतील यंत्राला पुष्कळदां ड्रायर मुळींच लागत नाहीं. चांगला विभाजक पुरतो, हेंहि विसरूं नये.

येथें एक फसवें वळण आहे. दवबिंदु कोणत्या दाबाला मोजला, हें विचारल्यावांचून त्या आंकड्याला अर्थ नाहीं. ७ बारला जो दवबिंदु ३ अंश असतो, तोच, हवा मोकळी सोडली कीं, उणे २० च्याहि खालीं जातो. म्हणजे ‘उणे २० अंश’ असें छापलेलें यंत्र प्रत्यक्षांत थंड करणाऱ्या साध्या ड्रायरइतकेंच असूं शकतें. ‘दाबाखालील दवबिंदु’ हे शब्द लिहून घ्यावे.

दुसरा प्रश्न: माझी हवा ड्रायरपाशीं किती ऊन पोंचते? पुष्कळशा ड्रायरांची पत्रकांतील क्षमता हवा ३५ अंशांनीं आंत येते, भोंवतालीं २५ अंश आहेत आणि दाब ७ बार आहे, असें धरून दिलेली असते. आपल्याकडील मे महिना हें पत्रक वाचीत नाहीं. नागपूरचें उदाहरण घ्या. पारा ४५ वर, आर्द्रता समजा २० टक्के. ओठ फुटतील इतकी कोरडी ही हवा. पण तिच्या एका घनमीटरांतहि १३ ग्रॅम पाणी असतें. आठपट दाबल्यावर तें १०४ ग्रॅम झालें. आफ्टरकूलर तिला ५५ अंशांपर्यंतच निववूं शकला, तर ५५ अंशांची मर्यादाहि नेमकी तितकीच असल्यामुळें तेथें थेंबहि पडत नाहीं. सारें पाणी ड्रायरच्या गळ्यांत येतें, आणि तें ३५ अंशांच्या भरलेल्या हवेच्या अडीचपटींहून अधिक असतें. म्हणून यंत्राचें माप वर्षांतील सर्वांत वाईट दिवसावरून ठरवावें, आणि निर्मात्याकडून सुधारणांक मागून घ्यावे.

तिसरा प्रश्न खर्चाचा. किंमत एकदां द्यावी लागते. विजेचें बिल महिन्याच्या महिन्याला येतें. आपल्या उदाहरणांतील कॉम्प्रेसर सुमारें ६० किलोवॅट वीज खातो. त्याला उष्णतेवांचून चालणारा अधिशोषक ड्रायर जोडला, तर १५ टक्क्यांप्रमाणें ९ किलोवॅट सोडून दिलेल्या हवेबरोबर जातात. वर्षाला ६,००० तास धरले तर हीं ५४,००० युनिटें झालीं. दर युनिटास ८ रुपये मानल्यास ४ लक्ष ३२ हजार रुपये होतात. याच कामाला थंड करणारा ड्रायर सुमारें २ किलोवॅट घेतो असें धरल्यास १२,००० युनिटें, म्हणजे ९६ हजार रुपये. वर्षाकाठीं साडेतीन लाखांच्या जवळपास जाणारा हा फरक एखाद्या लहान कारखान्यांत एका कामगाराचा वर्षाचा पगार निघण्याइतका आहे. उणे ४० ची खरी गरज असेल तर तो आनंदानें द्यावा. नसेल तर ती केवळ हवेंत उधळपट्टी आहे. शिवाय सोडण्याच्या हवेचें माप यंत्राच्या पूर्ण क्षमतेवर बांधलेलें असतें. कारखाना निम्मीच हवा वापरीत असला तरी तें घटत नाहीं, म्हणजे वापराच्या मानानें तोटा ३० टक्क्यांवर जातो. दवबिंदु मोजून मगच मनोरे बदलणारी योजना घेतली, तर हा तोटा आटोक्यांत राहतो.

यावर एक मध्यम मार्ग आहे. कारखान्यांतील दहा यंत्रांपैकीं एकालाच उणे ४० हवें असेल, तर नऊजणांवर तो खर्च लादूं नये. सर्व हवेला थंड करणारा ड्रायर ठेवावा, आणि त्या एका यंत्राच्या तोंडाशीं लहानसा अधिशोषक बसवावा. त्याच्याकडे येणारी हवा आधींच बरीच कोरडी असल्यामुळें त्याच्या दाण्यांवरचा भारहि हलका होतो.

चौथा प्रश्न लोक विचारीत नाहींत, आणि तोच निर्णायक ठरतो: या यंत्राकडे बघणार कोण? ड्रायरच्या आधीं तेल पकडणारी गाळणी हवी. कारण दाण्यांवर तेल बसलें कीं ते वाफ धरावयाचें सोडतात, आणि मग वाळवून सुधारत नाहींत. अधिशोषकाच्या नंतर धूळ पकडणारी गाळणी हवी. कारण दाणे झिजून त्यांची भुकटी पुढें जाते. परंतु या गाळण्या तुंबल्या तर दाब पडतो, आणि एक बार दाब भरून काढावयास सुमारें ६-७ टक्के जास्त वीज लागते. थंड करणाऱ्या ड्रायरचें कॉंडेन्सर धुळीनें भरलें किंवा यंत्राची खोली कोंदट असली, तर पाण्याची वाफ तशीच पुढें जाते. आणि सर्वांत क्षुल्लक दिसणारी वस्तु म्हणजे पाणी आपोआप सोडणारी तोटी. ती अडकली म्हणजे लाखों रुपयांच्या यंत्रानें वेगळें केलेलें पाणी पुन्हां हवेबरोबर नळांत जातें. रोज सकाळीं ती तपासणें आणि टाकीचा तळ निथळणें हें एका माणसाच्या नांवें लिहून ठेवलेलें काम असावें. निथळलेलें पाणी तेलकट असतें. तें सरळ गटारांत न सोडतां आधीं तेल वेगळें काढावें.

श्रोतेहो, सर्वांना लागू पडणारा एकच उत्तम ड्रायर नाहीं. जेथें ३ अंश पुरतात तेथें थंड करणारा. जेथें गोठण्याची भीति आहे किंवा माल ओल सहन करीत नाहीं तेथें अधिशोषक. हवा थोडी आणि वापर लहान असेल तेथें साधी, उष्णतेवांचून चालणारी रीति. हवा पुष्कळ असेल तेथें तापवून वाळविणारी. आणि कॉम्प्रेसर तेलविरहित असेल तर त्याचीच उष्णता वापरणारी. आधीं गरज, मग हिशेब आणि शेवटीं खरेदी, या क्रमानें जो जाईल त्याला बहुधा पस्तावावें लागणार नाहीं. हवा फुकट मिळते हें खरें, पण ती दाबण्याचे आणि वाळविण्याचे पैसे आपणच मोजीत असतों. ते योग्य जागीं मोजावे, एवढेंच आग्रहानें सांगून मी आपली रजा घेतों.